मावशींच्या हातची कॉइल

ट्यूबलाइटला चोक कशाला लागतो, हे मला पदविकेच्या दुसऱ्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं. पट्टीच्या आत बसवलेला तो जड डबा रात्रभर गुणगुणतो आणि उन्हाळ्यात हात लावू देत नाही, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावात द्राक्षबागांच्या मोटारी संध्याकाळी एकदम सुरू व्हायच्या आणि व्होल्टेज खाली यायचं. मग ट्यूबची दोन्ही टोकं नुसती तांबूस होऊन राहायची. स्टार्टर टकटक करायचा, आणि वडील स्टुलावर चढून ट्यूब या अंगावरून त्या अंगावर फिरवत बसायचे. दहावीचा अभ्यास मी बराचसा चिमणीच्या उजेडात केला आहे.

एकदा गावातल्या वायरमनकाकांनी जुना चोक आणि स्टार्टर काढून तिथं एक हलका पत्र्याचा डबा बसवला. त्याच पडलेल्या व्होल्टेजवर ट्यूब एका दमात लागली. गुणगुण नाही, लुकलुक नाही. "इलेक्ट्रॉनिक चोक आहे," काका म्हणाले. आत काय आहे असं विचारल्यावर म्हणाले, "सर्किट." त्यापुढचं त्यांनाही माहीत नव्हतं. ते शिकायचं म्हणून मी इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला गेलो, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

पुस्तकात मला जे सापडलं ते असं. ट्यूबमध्ये थोडा आर्गॉन आणि किंचित पारा असतो. त्यातून वीज वाहू लागली की पाऱ्याची वाफ 253.7 नॅनोमीटरचे अतिनील किरण देते, आणि काचेच्या आतला पांढरा लेप ते किरण शोषून दिसणारा उजेड देतो. अडचण अशी की एकदा प्रवाह सुरू झाला की तो जितका वाढेल तितका वायूचा विरोध कमी होत जातो. आवर घातला नाही तर प्रवाह वाढतच जाईल आणि ट्यूब किंवा फ्यूज उडेल. तो आवर म्हणजे चोक. शिवाय आपली वीज 50 हर्ट्‌झची असल्यामुळे ट्यूबमधला प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, आणि दर वेळी वायू पुन्हा पेटवावा लागतो. इलेक्ट्रॉनिक चोकमधलं सर्किट हीच वारंवारता ट्रान्झिस्टरनं वीस हजारांच्या वर नेतं, मग वायूतल्या आयनांना विझायला वेळच मिळत नाही. टोकांपाशी होणारा व्यय घटतो, आणि तेवढाच उजेड सुमारे एक दशांश कमी विजेत मिळतो.

चोक हलका का झाला, तेही त्याच हिशेबात होतं. कॉइलचा अडसर वारंवारतेच्या पटीत वाढतो. 50 ऐवजी 40 हजार म्हणजे आठशे पट. त्यामुळे जिथं हेन्रीच्या वरची, लोखंडी पत्र्यांवर गुंडाळलेली जड कॉइल लागत होती, तिथं दोन मिलिहेन्रीची, फेराइटवरची, मुठीत मावेल अशी कॉइल पुरते. तिला ट्यूबच्या दोन टोकांमध्ये एक छोटा कपॅसिटर जोडला की दोघांची मिळून एक ठरलेली वारंवारता होते. दोन मिलिहेन्री आणि 6.8 नॅनोफॅरड असतील तर ती 43 किलोहर्ट्‌झच्या आसपास येते. ट्यूब पेटलेली नसताना त्या वारंवारतेच्या जवळ वीज दिली की कपॅसिटरवर शेकडो व्होल्ट उभे राहतात आणि ट्यूब पेटते. पेटली की तीच त्या उसळीला दाबते, आणि मग कॉइल फक्त प्रवाह आवरते. म्हणजे स्टार्टर आणि चोक ही दोन्ही कामं एकच छोटी कॉइल करते. हे गणित मला फार सुंदर वाटलं, अजूनही वाटतं. ते सोडवता आलं म्हणजे कॉइल आली, असं मी धरून चाललो होतो.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक चोक बनवणारा एक छोटा कारखाना होता. पदविका झाल्यावर मी तिथं लागलो. पुढच्या खोलीत सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग चालायचं आणि मागच्या खोलीत वाइंडिंग. तिथं पाच-सहा बायका हँडलच्या मशीनवर कॉइल गुंडाळायच्या. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर बाईंना सगळे मावशी म्हणायचे. त्या जुन्नरकडच्या होत्या. शाळा चौथीपर्यंत झाली होती, आणि या कारखान्यात येण्याआधी त्यांनी पंख्याच्या मोटारींचं वाइंडिंग केलं होतं. माझ्यावर त्यांचं जे ऋण आहे, ते लिहायला मी बसलो आहे.

पहिल्या आठवड्यातच मी नव्या कॉइलचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. फेराइटचे दोन ई आकाराचे तुकडे समोरासमोर बसतात. त्यांच्यामध्ये थोडी फट ठेवावी लागते, नाहीतर ट्यूब पेटण्याच्या क्षणी येणाऱ्या प्रवाहानं फेराइटची ताकद संपते, कॉइल एकदम निकामी होते आणि ट्रान्झिस्टर फुटतात. माझ्या हिशेबानं फट एक मिलिमीटरची होती, म्हणून मी एक मिलिमीटर जाडीचा इन्सुलेशनचा कागद लिहिला होता. मावशींनी कागद वाचला, आणि कपाटातून निम्म्या जाडीचा कागद काढून कापायला घेतला.

"मावशी, मी एक लिहिलंय," मी म्हणालो.

"साहेब, मधल्या पायात पण कागद येतो आणि बाजूच्या पायांत पण येतो. दोनदा येतो ना?"

त्यांनी दोन्ही जाडीचे कागद घालून कॉइल मीटरला लावून दाखवल्या. माझ्या कागदावर मूल्य हवं त्यापेक्षा बरंच कमी आलं, त्यांच्या कागदावर दोन मिलिहेन्रीला लागून आलं. चुंबकीय रेषा मधल्या पायातून निघून बाजूच्या पायांतून परत येतात, म्हणून त्यांना फट दोनदा ओलांडावी लागते. हे वाक्य मी परीक्षेत लिहिलेलं होतं. त्या वाक्याचा कागदाच्या जाडीशी संबंध आहे, हे मात्र मला मावशींनी दाखवलं. त्यांनी ते इतक्या साधेपणानं दाखवलं की मला लाज वाटू नये याची काळजी त्यांनीच घेतली होती, हे माझ्या पुष्कळ उशिरा ध्यानात आलं.

त्यानंतर मी दुपारच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसू लागलो. मावशी आधी साहेब म्हणायच्या, मग हळूहळू "अरे बाबा" वर आल्या. त्यांनी मला मशीनवर बसवलं. बॉबिनवर तार भरताना डाव्या हाताच्या दोन बोटांत ती किती दाबून धरायची, हे सांगता येत नाही, ते हातालाच शिकावं लागतं. सैल धरली तर वेढे एकमेकांवर चढतात. फार ताणली तर तारेवरच्या एनॅमलला बारीक तडे जातात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण हजार व्होल्ट आले की ठिणगी बरोबर तिथूनच निघते.

सर्वांत जास्त जपायचा तो बॉबिनचा काठ. दोनशेच्या आसपास वेढे चार-पाच थरांत बसतात. वरच्या थराचा एखादा वेढा काठाशी घसरून दोन थर खाली गेला, तर जवळजवळ निम्म्या कॉइलचं व्होल्टेज दोन तारांच्या मध्ये फक्त एनॅमलच्या पापुद्र्यावर येऊन पडतं. चालू ट्यूबला ते कदाचित कळणारही नाही. पण जुनी झालेली ट्यूब पेटायला नकार देऊ लागली, की कपॅसिटरवरचं आणि कॉइलवरचं व्होल्टेज चढत जातं आणि तो घसरलेला वेढा जळतो. म्हणून मावशी प्रत्येक थरावर मायलरची टेप लावताना ती काठापर्यंत नेऊन किंचित वर वळवायच्या. ड्रॉइंगमध्ये ते नव्हतं. "वळवली नाही तर शेवटचा वेढा खाली बघतो," असं त्या म्हणायच्या.

वेढ्यांच्या संख्येत त्या चुकायच्या नाहीत, आणि कागदाच्या फटीतही नाही. याचं मोल मला चाचणीच्या टेबलावर कळलं. कॉइलचं मूल्य दहा टक्के सरकलं की जमलेली वारंवारता पाच टक्के सरकते. एवढ्यानंही ट्यूबचा स्वभाव बदलतो. पेटण्याआधी कपॅसिटरमधून जाणारा प्रवाह ट्यूबच्या दोन्ही टोकांच्या तारा तापवतो. त्या नीट तापल्या तर ट्यूब हळुवार पेटते. थंड असतानाच उसळी आली तर टोकांवरचा लेप उडतो आणि ट्यूबची टोकं लवकर काळी पडतात. इलेक्ट्रॉनिक चोक ट्यूब खातो, अशी त्या काळी बाजारात सगळीकडे तक्रार होती, आणि पुष्कळ स्वस्त मालाबाबत ती खरीही होती. मावशींच्या ट्रेमधल्या कॉइल लावलेले चोक पाठोपाठ सारख्याच वेळात पेटायचे. मी सुरुवातीला त्याचं श्रेय माझ्या सर्किटला देत होतो.

त्या वर्षांत माझ्या डोक्यात एक वेड शिरलं होतं, आणि त्यातूनही मला मावशींनीच बाहेर काढलं. निकोला टेस्लानं 20 मे 1891 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात अमेरिकन विद्युत अभियंत्यांपुढे व्याख्यान दिलं आणि उच्च वारंवारतेच्या विजेवर तारेशिवाय काचेच्या नळ्या उजळून दाखवल्या, हे मी वाचलं होतं. मीही एका ट्रान्झिस्टरवर, पाईपवर बारीक तार गुंडाळून, तळहाताएवढी टेस्ला कॉइल केली. हातात धरलेली ट्यूब तिच्याजवळ नेली की लागायची. कारखान्यातली पोरं जमायची. मग मी चोकमधल्या कॉइलवर मीटर धरून व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला, तो आत जाणाऱ्या विजेच्या कितीतरी पट निघाला. कॉइल-कपॅसिटरच्या ठरलेल्या वारंवारतेवर येणाऱ्या उसळीतून, म्हणजे अनुनादातून, वीज वाढते आहे, असा माझा समज झाला. असा दावा करणारे लोक जगात कमी नाहीत, आणि मीही त्या वाटेला लागलो होतो.

मावशींनी गुणाकार पाहिला नाही. त्यांनी वीज बंद करायला सांगितली आणि कॉइलला दोन बोटं लावली. "एवढी तापलीय. वाढतेय तर मग जातेय कुठं?"

मी त्यांना अनुनाद समजावू लागलो, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पाळण्याची दोरी. वेळेवर ओढली की पाळणा उंच जातो. पण दोरी ओढणाऱ्याचा हात दुखतोच की."

त्या दोरीनं मला जाग आली. कॉइल आणि कपॅसिटर एकाच ऊर्जेची देवघेव करत राहतात. त्यांच्यावरचं व्होल्टेज मोठं असतं, प्रवाहही मोठा असतो, पण व्होल्टेज आणि प्रवाह यांची वेळ एकमेकांपासून चतुर्थांश आवर्तनानं सरकलेली असते, म्हणून त्यांच्या गुणाकाराला काम म्हणता येत नाही. शिवाय माझा साधा मीटर 50 हर्ट्‌झसाठी बनलेला होता. 40 हजारांवर तो दाखवेल त्यावर भरवसा ठेवायला नको होता. तेव्हापासून मी मोजमाप एकाच ठिकाणी करू लागलो. वीज डीसी करून झाल्यावर, ट्रान्झिस्टरच्या आधी, जिथं व्होल्ट आणि अँपिअर सरळ आणि स्थिर असतात. उजेड मोजायला खोक्यात लक्समीटर ठेवला. तसं मोजल्यावर जे हाती आलं ते चमत्कारापेक्षा कमी होतं, पण खरं होतं. लोखंडी चोकवर 36 वॉटची ट्यूब आणि वर चोकचे नऊ-दहा वॉट जात होते. उच्च वारंवारतेवर तेवढाच उजेड देताना ट्यूब 32 वॉट घ्यायची आणि सर्किट चारेक वॉट. एका ट्यूबमागे दहा वॉट वाचत होते. मला ते पुरेसं वाटायला हवं होतं, आणि त्या दिवसापासून वाटू लागलं.

टेस्लाचं व्याख्यान मी पुढे पुन्हा नीट वाचलं. पहिल्या वेळी माझं लक्ष फक्त उजळलेल्या नळ्यांकडे होतं. या वेळी दिसलं, की कॉइलचं इन्सुलेशन फुटू नये म्हणून तो किती झगडला होता. वेढ्यांच्या मध्ये अडकलेली हवा काढून टाकायला त्यानं कॉइल तेलात बुडवल्या होत्या. ते वाचताना मला काठाशी वळवलेली टेप आठवली. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तो ज्या प्रश्नाशी झुंजत होता, तो प्रश्न मावशी रोज सकाळी नऊपासून सोडवत होत्या.

2005 नंतर भारनियमन वाढत गेलं. खेड्यांत दिवसाचे कितीतरी तास वीज नसायची. आमच्याकडे बॅटरीवर चालणाऱ्या ट्यूबच्या दिव्यांची मागणी आली. 12 व्होल्टची बॅटरी, दोन ट्रान्झिस्टर, फेराइटचा छोटा ट्रान्सफॉर्मर आणि 20 वॉटची ट्यूब. इथं प्रत्येक वॉट मोजून घ्यावा लागतो. 7 अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर 84 वॉट-तास असतात. कॉइलनं तीन वॉट जास्त खाल्ले तर अर्ध्या तासाहून अधिक उजेड जातो. माझ्यासाठी तो अर्धा तास म्हणजे एखाद्या पोराचा एक धडा होता. मी चिमणीजवळ बसलेला होतो, म्हणून हे सहज म्हणू शकतो.

12 व्होल्टच्या बाजूला प्रवाह जास्त असतो, म्हणून मी जाड तार घेतली. ती तापू लागली. उच्च वारंवारतेवर वीज तारेच्या कातडीतूनच वाहते. 40 किलोहर्ट्‌झला तांब्यात ती खोली मिलिमीटरचा जेमतेम तिसरा हिस्सा असते, त्याच्या आतलं तांबं फुकट जातं. उपाय पुस्तकात होता, बारीक तारांचा पीळ. तो विकत घेणं आम्हाला परवडत नव्हतं. मावशींनी खोलीच्या दोन टोकांना खिळे ठोकून बारीक तारा ताणल्या, एका टोकाला हँडलचं ड्रिल लावलं आणि पीळ घातला. पीळ घट्ट घालायचा नाही, मीटरभरात थोडेच फेरे, नाहीतर बॉबिनमध्ये जागा पुरत नाही, हे त्यांनी दोन-तीन तुकडे वाया घालवून ठरवलं. पहिला दिवा तासभर चालवून आम्ही कॉइलला हात लावला, तेव्हा ती कोमट होती. त्यातला एक दिवा मी गावी नेला. वडिलांनी तो पुष्कळ वर्षं वापरला.

मावशींनी काम सोडलं तेव्हा त्यांचे डोळे बारीक तारेला साथ देत नव्हते. तोवर बाजारही बदलू लागला होता. आधी सीएफएल आले. त्यांच्या बुडाशी असलेल्या गोल डबीत तीच कॉइल, तोच कपॅसिटर, अजून लहान होऊन बसलेले असायचे. मग एलईडी आले. 2015 मध्ये सरकारची एलईडी दिव्यांची उजाला योजना सुरू झाली आणि दुकानांतून ट्यूब हळूहळू मागे सरकली. पाऱ्यामुळे तिला जायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाऱ्याला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातल्या देशांनी 2023 मध्ये जिनिव्हाला जमून लांब ट्यूबचं उत्पादन 2027 पर्यंत थांबवायचं ठरवलं. ज्या वस्तूवर माझं घर उभं राहिलं ती वस्तू बनायची थांबणार, याचं वाईट वाटत नाही. ट्यूब जाते आहे, कॉइल राहिली आहे. दुचाकींच्या बॅटऱ्या चार्ज करणाऱ्या यंत्रांवर मी सध्या काम करतो. त्यांतही कॉइल आणि कपॅसिटर मिळून एका वारंवारतेला जमवावे लागतात. त्यांतही फट दोनदा मोजावी लागते.

माझ्या हातच्या जुन्या ड्रॉइंगचे कागद अजून आहेत. खाली उजव्या कोपऱ्यात रचना कोणाची, तपासणी कोणाची, मंजुरी कोणाची, असे रकाने आहेत. रचनेच्या रकान्यात माझी आद्याक्षरं आहेत. टेप काठाशी वळवावी, पीळ सैल ठेवावा, कागद निम्म्या जाडीचा घ्यावा, या सूचना त्याच कागदांवर पुढे माझ्या अक्षरात लिहिल्या गेल्या. त्या कोणाकडून आल्या हे लिहायला रकाना नव्हता, आणि तो आखावा असं मला त्या वयात सुचलं नाही. आता आमच्याकडे नवीन कॉइलच्या कागदावर गुंडाळणाऱ्याचं नाव लिहिलं जातं. काही बिघडलं तर जबाबदार कोण हे कळावं, एवढाच त्याचा उपयोग ऑफिसला वाटतो. मी मात्र तो रकाना आधी वाचतो. नव्या मुलांना पहिले काही दिवस मी संगणकाऐवजी वाइंडिंगच्या मशीनवर बसवतो. त्यांतले काही नाराज होतात. त्यांना थांबायला सांगतो.

मावशी गावी असतात. दिवाळीला फोन होतो. मागच्या वेळी त्यांनी विचारलं, "आता काय गुंडाळतोस?" मी सांगितलं, तयार पिळाची तार मिळते, दोनशे बारीक तारांची, वर रेशमाचं वेष्टण असलेली. त्या जरा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दोनशे तारांचं एनॅमल काढता कसं? खरवडता?"

"नाही मावशी, सोल्डरच्या भांड्यात बुडवतो. वितळलेल्या सोल्डरच्या उष्णतेनं निघतं."

"सगळ्या तारा लागल्या का, हे बघता ना? आतल्या दोन-चार राहून जातात."

बघत नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दहा कॉइलची टोकं कापून भिंगाखाली धरली, आणि त्यांतल्या तिघींच्या पोटात कोरड्या तारा निघाल्या. सोल्डरच्या भांड्याचं तापमान वाढवलं, बुडवण्याचा वेळ वाढवला, आणि संध्याकाळी मावशींना फोन करून तसं सांगितलं.